मिरजेतला किडनीचा दवाखाना, आईची पहिली अपॉइंटमेंट आणि ती कापडी पिशवी

आईला किडनीच्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा नेलं त्याचा हा रिव्ह्यू. दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि आईची ट्रीटमेंट अजून तिथंच चालू आहे, उगाच कशाला. मिरजेत आहे एवढं पुरे. पाचपैकी चार स्टार. त्यातले दोन डॉक्टर मॅडमना, दोन रिसेप्शनवरच्या ताईंना, आणि जो एक कापलाय तो बाथरूमपायी, त्याचं पुढं येईलच.

आईचं वय ६४. शुगर बारा वर्षं झाली, बीपी आठ वर्षं. गाव तासगाव तालुक्यात, दीड एकर द्राक्षबाग आहे, आण्णा आणि आई दोघंच बघतात, मी नोकरीपायी सांगलीत विश्रामबागला. ऑक्टोबर छाटणी झाली, पुढं डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची, घाई चालू होती आणि त्यातच शुगरच्या नेहमीच्या तपासणीत फॅमिली डॉक्टरांनी यावेळी क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) पण करायला लावलं, ते आलं १.७. डॉक्टर म्हणाले घाबरू नका पण एकदा किडनीवाल्यांना दाखवून घ्या. घाबरू नका म्हणल्यावर माणूस जेवढा घाबरतो तेवढा कशानंच घाबरत नाही. आण्णा दोन दिवस बागेत गेलेच नाहीत, शेजारच्या काकू रोज एक शहाळं आणून द्यायला लागल्या, "किडनी धुऊन निघती" म्हणून, आणि मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईलवर डायलिसिसचे व्हिडिओ बघत बसलो. यातलं एकही करायला नको होतं हे आता कळतंय.

पहिली चूक माझीच. किडनीचे डॉक्टर म्हणून मी सांगलीत ज्यांची अपॉइंटमेंट घेतली ते निघाले यूरोलॉजिस्ट. आत गेल्यावर त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, अहो मी मुतखडा, प्रोस्टेट, ऑपरेशनवाला, तुमचं काम नेफ्रोलॉजिस्टकडं, म्हणजे किडनीवर औषधं देणाऱ्यांकडं आहे, लघवीच्या वाटेत काही अडकलं असेल तर माझ्याकडं या. माणूस सज्जन, फी परत देत होते, आम्हीच घेतली नाही. पण एक दिवस गेला, आईची एक चक्कर गेली आणि आण्णांचं मजुरांवर ओरडणं ऐकावं लागलं ते वेगळं. तर ज्यांचं क्रिएटिनिन वाढलंय, लघवीतनं प्रोटीन जातंय, पायावर सूज आहे, त्यांनी नेफ्रोलॉजिस्ट असं नीट विचारूनच नंबर लावा.

मग मिरज. आमच्याकडं मोठं दुखणं आलं की मिरज हे ठरलेलंच. मिशन हॉस्पिटल डॉक्टर वॉनलेसनी १८९४ ला चालू केलं तेव्हापासनं लोकांची ही सवय आहे, माझी पणजी पण म्हणे बैलगाडीतनं मिरजेला आली होती. आजही कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, निम्मी माणसं कन्नड बोलणारी असतात, अथणी, चिकोडी, जमखंडी कुठनं कुठनं आलेली.

फोन लावला, आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, "ठेवू नका, लिहून घ्या." खरं सांगतो, मला आधी वैताग आला होता, ऑफिसमध्ये होतो, हाताशी पेन पण नव्हतं. पण त्या बाईंनी पाच मिनिटं जे सांगितलं त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं.

त्या म्हणाल्या सगळे जुने रिपोर्ट आणा, फक्त किडनीचेच नाही, सगळे, ऑपरेशनचे, डोळ्याचे, बाळंतपणाचे असले तरी चालतील, आणि तारखेप्रमाणं लावून आणा. आठवडाभर सकाळ संध्याकाळ बीपी घरी मोजून वहीत लिहा, शुगर पण. त्या दिवशी सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून आणा, डबी मेडिकलमध्ये मिळते, शाम्पूची बाटली धुऊन आणू नका (कुणीतरी आणलेली असणार). रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मटण चिकन नको, त्यानं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. उपाशी येऊ नका, शुगरच्या पेशंटला इथं बसल्या बसल्या चक्कर येते, रोजच्या गोळ्या वेळेवर घेऊनच या. रिपोर्ट चांगला यावा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पिऊ नका. आणि शेवटी म्हणाल्या, "घरात आजींच्या पोटात जे जे जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. यादी नको. वस्तू आणा."

मी म्हणलं गोळ्यांची यादी माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्या म्हणाल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असते.

शनिवारी गावाला गेलो पिशवी भरायला. आईला विचारलं औषधं कुठली कुठली चालू आहेत. तिनं तीन स्ट्रिपा काढल्या. शुगरची मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन. बास, एवढंच, म्हणाली. माझ्या मोबाईलमधल्या यादीत पण तेवढंच होतं. मी पिशवी बांधणार होतो, पण ताईंचं "पोटात जे जे जातं" आठवलं म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि मग एक एक निघायला लागलं. फडताळात कसल्यातरी पावडरीचा डबा, मावशीनं पाठवलेली, शुगर मुळापासून जाते म्हणे, वर लेबल बिबल काही नाही. काढ्याची बाटली अर्धी संपलेली. मिठाच्या बरणीशेजारी लो सोडियम मिठाचा पुडा, तो तर मीच आणून दिलेला, बीपीसाठी चांगलं असतं असं जाहिरातीत बघून. आणि देवघराच्या खणात उदबत्तीच्या पुड्याखाली कागदाच्या आठ दहा पुड्या, प्रत्येकीत दोन सुट्या गोळ्या, एक पांढरी आणि एक तपकिरी, स्ट्रिप नाही नाव नाही.

"हे काय गं आई?"

"गुडघ्याची हाय ती."

"मग मगाशी सांगितलं का नाहीस?"

"तू औषधं इचारलीस. ते काय औषध हाय व्हय? गुडघ्याची गोळी हाय ती."

रोज एक पुडी, छाटणीच्या, विरळणीच्या दिवसात दोन. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली "दोन दिवाळ्या झाल्या आसत्याल." गावाकडच्या एका दुकानात दहा रुपयाला पुडी मिळते, चिठ्ठी लागत नाही, गावातल्या निम्म्या बायका घेतात. आण्णांना पण माहीत नव्हतं. आईनं लपवलं होतं असं मी म्हणणार नाही, तिच्या लेखी ते औषधच नव्हतं, चहासारखं होतं, काम चालू राहायला घ्यायची वस्तू.

बीपीची वही हा वेगळाच तमाशा. पहिल्या दिवशी १६८ आलं म्हणून आण्णांचा मला ऑफिसात फोन. विचारलं तर आई अंगण झाडून आली, खुर्चीत बसली, बोलता बोलता पट्टा बांधला. ताईंनी सांगितलं होतं की पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा, बोलायचं नाही, आणि मिनिटभर थांबून परत एकदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. तसं केल्यावर १४६, १४२ असं यायला लागलं. तेही जास्तच, पण १६८ घेऊन गेलो असतो तर डॉक्टरांनी त्याच्यावर गोळी वाढवली असती ना.

जुने रिपोर्ट पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांखाली. निम्मे वाळवीनं खाल्लेले. पण दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाईल शाबूत होती. मी ती टाकूनच देणार होतो, डोळ्याचा आणि किडनीचा काय संबंध, पण ताईंनी डोळ्याचे पण म्हणलं होतं म्हणून घातली पिशवीत. प्रश्न मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून काढले, आई आणि आण्णांना विचारून. आईचा पहिला प्रश्न, भाकरी चालती का. आण्णांचा, डायलिसिस किती दिवसात लागंल. आधी विचारून ठेवलं ते बरं झालं कारण आत गेल्यावर दोघंही मुके झाले.

त्या दिवशी नंबर ११ चा होता. आत गेलो १ वाजून २० मिनिटांनी. मधे डायलिसिसच्या एका पेशंटला त्रास झाला म्हणून मॅडम उठून वर गेल्या होत्या, ते समजू शकतो, पण अर्धा तास तर त्याच्या आधीच उशीर झालेला आणि बोर्डावर काही लिहायची पद्धत नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट त्या दिवशी बंद, गुडघ्याचे पेशंट जिन्यानं वर. आणि बाथरूम. किडनीचा दवाखाना, बाकावर तीस माणसं, निम्म्यांना लघवीच्या गोळ्या चालू, निम्म्यांच्या हातात डबी, आणि बाथरूम एक. एक! त्याची पण कडी नीट लागत नाही, आईनं आत जाऊन मला दार धरून उभं केलं. इथं अख्खा स्टार गेला.

बाकावर शेजारी एक गृहस्थ होते, पशुसंवर्धन खात्यातनं रिटायर झालेले, पलूसकडचे. आमच्या पिशवीतल्या पुड्या बघून म्हणाले, यातली पांढरी डायक्लोफेनॅक असणार बघा. म्हणलं कशावरनं. म्हणाले आमची आख्खी नोकरी त्याच्यात गेली, पूर्वी लंगड्या जनावराला हेच इंजेक्शन द्यायचो, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि गिधाडांच्या किडन्या जायच्या, पार दिसायची बंद झाली गिधाडं, मग २००६ ला सरकारनं जनावरांसाठी बंद केलं. "जनावराला बंद आणि माणसाला पुडीत," असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. आई शांतपणे म्हणाली, "मी काय गिधाड हाय व्हय?" सगळा बाक हसला, पण पिशवी तिनं मांडीवर घेतली ती मग सोडलीच नाही.

आता डॉक्टर मॅडम. पंचवीस मिनिटं दिली त्यांनी, पहिल्या वेळेला एवढीच देतात असं ताई म्हणाल्या होत्या आणि खरंच दिली. पिशवी टेबलावर उपडी केली. एक एक वस्तू उचलून विचारलं, कधीपासून, किती, कोणी दिली. पुड्या बघितल्यावर मला म्हणाल्या, दुकानाला फोन करा आत्ता. दुकानवाला आधी टाळाटाळ करत होता, मॅडमनी फोन घेतल्यावर सांगितलं. पांढरी डायक्लोफेनॅकच, तपकिरी पित्ताची. बाकावरचे साहेब बरोबर निघाले.

मला वाटलं आता आईला झाडणार, आमच्याकडं डॉक्टर लोक झाडतात. मॅडमनी आण्णांना विचारलं, बागेला ठिबक आहे का? आण्णा एकदम जागे झाले. मग म्हणाल्या, ठिबकला फिल्टर असतो ना, किडनी म्हणजे तसे लाखो बारीक फिल्टर. शुगरनं त्यांची जाळी हळूहळू खराब होत आलीय, ते काही एका दिवसात झालेलं नाही. पण फिल्टर चालायला आत येणाऱ्या पाण्याला प्रेशर लागतं, आणि दुखण्याची ही गोळी काय करते तर आत येणारा व्हॉल्व्ह आवळते. त्यात आजी उन्हात दिवसभर बागेत, पाणी कमी पितात. बीपीची गोळी बाहेर जाणारा व्हॉल्व्ह थोडा सैल ठेवते, एरवी ते चांगलंच, त्यानं जाळीवरचा ताण कमी होतो म्हणून ती बंद करायची नाही, पण दोन्ही एकदम झालं की प्रेशरच राहत नाही. आण्णा म्हणाले, "म्हंजे मोटर चालू हाय, फिल्टर बी हाय, पर वरनं व्हॉल्व्ह आवळलाय." मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर, आधी तो व्हॉल्व्ह सोडू, मग फिल्टर खरा किती खराब आहे ते कळेल. दोन दिवस बागेत न गेलेला माणूस तिथं पहिल्यांदा पाठ सरळ करून बसला.

मग मोतीबिंदूची फाईल. त्यात ऑपरेशनआधीच्या तपासण्यांमध्ये क्रिएटिनिन होतं १.१. रिपोर्टवर त्याच्यापुढं काही खूण नाही, नॉर्मलच्या आत. मॅडमनी हिशोब करून दाखवला. नुसतं क्रिएटिनिन बघायचं नसतं, वय आणि बाई की पुरुष हे घालून ईजीएफआर काढायचा असतो, म्हणजे किडनी अंदाजे किती गाळते तो आकडा. पंचवीस वर्षांच्या पोराचं १.१ असेल तर ईजीएफआर ९५ च्या आसपास, काही काळजी नाही. आईचं तेव्हाचं १.१ म्हणजे ५७, साठच्या खाली, म्हणजे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. आणि आताचं १.७ म्हणजे ३३. ही फाईल नसती तर, त्या म्हणाल्या, मला हे कळलंच नसतं की हे पाच वर्षांचं आहे, दोन वर्षांचं आहे का दोन महिन्यांचं. जुनाट किडनीचा आजार म्हणायला निदान तीन महिने तरी ते टिकलेलं दिसावं लागतं, एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. त्याच फाईलमध्ये डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर शुगरचा परिणाम दिसतोय असं पण लिहिलेलं होतं, आम्ही कुणी वाचलंच नव्हतं. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या शुगर एकदमच खराब करते, त्यामुळं डोळ्यात दिसलं की किडनीत पण शुगरचंच काम असणार अशी शंका जास्त. मी जी फाईल टाकून देणार होतो ती ही.

प्रश्न पण काय काय विचारले. लघवीला फेस येतो का, रात्री किती वेळा उठता, पायातलं जोडवं संध्याकाळी घट्ट होतं का, भूक कशी आहे, अंगाला खाज येते का, घरात कुणाची किडनी गेली होती का, मुतखडा झालाय का. बाळंतपणात बीपी वाढलं होतं का हे विचारलं तेव्हा आई माझ्याकडं बघायला लागली, चाळीस वर्षांमागचं कशाला उकरतायत म्हणून. पण होतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी पाय सुजून कातडी चमकायला लागली होती आणि आठव्या महिन्यात मिरजेलाच आणलेलं, हे मला आणि आण्णांना दोघांनाही (आण्णा विसरलेले असणार) तिथंच कळलं. अशा बायकांना पुढं किडनीचा धोका जास्त असतो म्हणे. मग अंगठ्यानं घोट्याजवळ दाबून बघितलं, खड्डा पडला, थोडाच.

पोटॅशियम ५.६ आलेलं. ते वाढलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो म्हणून लगेच तिथंच ईसीजी काढला, तो ठीक आला. आता पोटॅशियम कशानं, तर शेजारच्या काकूंचं शहाळं आणि माझं लो सोडियम मीठ. त्या मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, धडधाकट माणसाला चालतं, किडनीच्या आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्या माणसाला नाही. मी स्वतः आणून दिलेलं. मॅडमनी पुडा बाजूला ठेवला, मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. साधं मीठच, पण दिवसाला सगळं मिळून चमचाभराच्या आत, पाच ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, भडंग सगळं धरून. सांगलीच्या माणसाला भडंग मोजून खा म्हणणं म्हणजे शिक्षाच आहे पण असो.

मेटफॉर्मिन निम्मी केली, ईजीएफआर तीसच्या खाली गेला तर पूर्ण बंद करावी लागेल म्हणाल्या. काढा आणि बिनलेबलची पावडर बंद. त्याच्यावर भाषण दिलं नाही, एवढंच म्हणाल्या की यात काय आहे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, आणि ज्यानं दिली त्यालाही बहुतेक माहीत नाही. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे दोन व्यायाम, तिथंच पलंगावर करून दाखवले. आईनं केले, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

आमच्या प्रश्नांच्या कागदाचं मला वाटलं हसतील, तर त्यांनी कागदच मागून घेतला आणि एक एक वाचून उत्तर दिलं. भाकरी चालते. डाळ बंद करायची नाही, लोक घाबरून डाळ, दूध, अंडी सगळं सोडतात आणि अंगातली ताकद घालवून बसतात, किलोमागं ०.८ ग्रॅम प्रोटीन, आईचं वजन ५८ म्हणजे दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास, तेवढं खायचंच. पाणी तहानेप्रमाणं, बागेत असलात तर जास्त, पाच लिटरचे व्हिडिओ बघून पिऊ नका. डायलिसिस आत्ता नाही, आणि पुढं लागेलच असंही नाही, शुगर, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन किती आवरतं त्याच्यावर आहे. त्यासाठीच ती डबी. लघवीत अल्ब्युमिन किती जातं याचा एसीआर म्हणून रिपोर्ट असतो, तीसच्या आत पाहिजे, आईचा १८० आला. सोनोग्राफी पण केली, किडन्या आकारानं आक्रसलेल्या नाहीत, त्यातल्या त्यात बरं.

खर्च म्हणाल तर फी ८००, ईसीजी २००, रक्त लघवी मिळून १४५०, सोनोग्राफी वेगळी. स्वस्त नाही, पण एकही तपासणी उगाच वाटली नाही, जे रिपोर्ट आमच्याकडं महिन्याच्या आतले होते ते परत करायला लावले नाहीत. चिठ्ठी इंग्रजीत, पण ताई बाहेर बसून प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून देतात, सकाळी नाष्ट्यानंतर, रात्री, असं, आणि कुठली गोळी बंद केली ते लाल पेननं. ही सेवा फीमध्ये कुठंच दिसत नाही.

मला पटलं नाही ते डाएटचं. एक छापील कागद देतात, त्यात ब्रोकोली, झुकिनी, ऑलिव्ह ऑईल. आई म्हणाली झुकिनी म्हंजे काय. शेंगदाण्याची चटणी किती, ठेचा चालतो का, हुरडा चालतो का, पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यायची का, बाजारात काय घ्यायचं, यातलं एक अक्षर नाही. कुठल्यातरी भलत्याच गावचा कागद झेरॉक्स करून ठेवलाय. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या डाएटिशियन गुरुवारी असतात. मग गुरुवारचं आधी फोनवर का नाही सांगितलं, बाकी एवढं सगळं सांगितलं होतं तर? गुरुवारीच नंबर लावा, दोन्ही एका चकरेत होतं.

पार्किंगची बोंब आहे. स्टेशनच्या बाजूला गाडी लावून रिक्षानं या, किंवा सांगलीतनं सिटी बसनं, पण वयस्कर पेशंट असेल तर त्याला आधी दारात उतरवा. आणि लिफ्ट चालू आहे का ते फोनवरच विचारा.

तीन आठवड्यांनी परत गेलो. पुड्या बंद, शहाळं बंद, मीठ बदललेलं. काकूंना शहाळ्याचं सांगणं सगळ्यात अवघड गेलं, त्यांना वाईट वाटलं, आता त्या सायलीची फुलं आणून देतात. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ४२, पोटॅशियम ४.८. मॅडमनी लगेच पाय जमिनीवर आणले, म्हणाल्या हा व्हॉल्व्ह सोडल्याचा फरक आहे, फिल्टर शुगरनं खराब झालेला तो तसाच आहे, ४२ म्हणजे ४२ च. आता शुगरची एक नवी गोळी सुरू केलीय, डापाग्लिफ्लोझिन, ती किडनीला पण आधार देते म्हणे, तीन महिन्यांनी परत एसीआर. गुडघं अजून दुखतात. ते खोटं कशाला सांगू, विरळणीच्या दिवसात आई दोनदा चिडून म्हणाली की किडनी ऱ्हाऊ दे, गोळी दे. आण्णांनी दोन बायका जास्त लावल्या कामाला.

दुसऱ्या वेळी पण आई तीच कापडी पिशवी घेऊन आली होती, तळाला किलोभर बेदाणे. घरचे, गेल्या वर्षीचे, हिरवट. मॅडमनी मागच्या खेपेला बेदाण्यात पोटॅशियम फार, तुम्ही खायचे नाहीत असं सांगितलेलं. आईनं पिशवी टेबलावर उपडी केली, मॅडम गोळ्या बघायला लागल्या तर बेदाण्याचा पुडा. म्हणाली, "मला चालत न्हाईत न्हवं, मग आता तुम्हीच खावा." मॅडमनी अर्धे ठेवून घेतले आणि अर्धे बाहेर ताईंना द्यायला सांगितले.